मार्क पंधरा दिवसांनी

पाठ ऐन रंगात आला की मागच्या रांगेतून एक हात वर व्हायचा आणि आवाज यायचा, "सर, पाणी प्यायला जाऊ?"

हात एखाद्या लेकराचा असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. हा हात आमच्या मॅडमचा असायचा. पिकलेले केस, इरकली साडी, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला, आणि चौथीच्या पोरांमध्ये सतरंजीवर घातलेली मांडी. लातूरच्या आमच्या डी.एड. कॉलेजात त्या परिसर अभ्यास शिकवायच्या आणि आम्ही आसपासच्या शाळांमध्ये जे सराव पाठ घ्यायचो, त्यांचं निरीक्षण करायच्या. बाकीचे निरीक्षक वर्गात खुर्ची मागून घेत, चहा येईपर्यंत गंभीर चेहरा ठेवत आणि चहा आला की बरासा शेरा लिहून उठत. मॅडम दारातच चपला काढून जाहीर करायच्या, "मी आज चौथीत हाय. मला काय बी येत न्हाई." आणि घंटा होईपर्यंत त्या खरोखर चौथीत असायच्या. पाटी मागायच्या, शेजारच्या पोराचं बघून लिहायच्या, आणि कळलं नाही तर तसं तोंडावर सांगायच्या.

पहिल्याच महिन्यात आमच्यातल्या एकाचा पाण्याच्या बचतीवर पाठ होता. गडी तयारीचा होता, तक्ते रंगवून आणले होते. मॅडमचा हात वर गेला. हा म्हणाला, "आत्ता नाही, पाठ संपल्यावर जा." मॅडम निमूट बसल्या. नंतर त्याला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाल्या, "तहानलेल्या लेकराला पाण्यावर भाषण दिलंस की रे, माझ्या राजा." ही गोष्ट कॉलेजभर झाली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एकानं मॅडमचा हात पुरता वर जायच्या आत "जा, जा, जाऊन या" म्हणून टाकलं. मॅडम जाऊन आल्या आणि भर वर्गात म्हणाल्या, "मी न्हवते तवा काय शिकवलंत ते सांगा की पुन्ना." त्यानं मुकाट्यानं पुन्हा सांगितलं. मॅडमच्या पाठात पास व्हायची वाट नेमकी कुठून जाते, हे आमच्या तुकडीत कुणालाही कळलेलं नव्हतं.

त्या उदगीरच्या. पाठ उगीच लांबत चालला की त्यांच्या तोंडून कानडी बाहेर पडायची. "साकु," म्हणायच्या मागून. साकु म्हणजे पुरे. सरावाच्या शाळांमधली पोरं आधीच आमच्यापेक्षा हुशार. दर वर्षी तेच पाठ ऐकून त्यांना आमचे प्रश्न पाठ झालेले असायचे, आणि आश्चर्य कुठं दाखवायचं हेही. त्यात मॅडमचा हा शब्द त्यांनी उचलला. नंतर-नंतर मॅडम नसल्या तरी मागच्या रांगेतून एखादं पोरगं आम्हाला साकु म्हणायचं आणि आम्ही खडू खाली ठेवायचो.

थर्माकोल पाहिला की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. आमच्या आधीच्या कुठल्यातरी तुकडीनं पर्यावरणाच्या पाठासाठी थर्माकोलचं आदर्श गाव केलं होतं. घरं, झाडं, विहीर, ग्रामपंचायत, सगळं. मॅडमनी त्या पोरांना एवढंच विचारलं, की पाठ झाल्यावर ह्या गावाचं काय करणार? कुणाला सांगता येईना. तेव्हा त्यांनी ते गाव कॉलेजच्या मागे भिंतीशी नेऊन ठेवलं आणि म्हणाल्या, "बघू ह्ये गाव कवा मरतंय." आम्ही कॉलेजात दाखल झालो तेव्हाही ते तिथंच होतं. रंग उडाला होता, विहिरीत मुंग्या राहायला आल्या होत्या, पण गाव शाबूत होतं. नव्या तुकडीला मॅडम पहिल्याच दिवशी तिथं नेऊन उभं करायच्या. बोलायच्या काही नाहीत. थोडा वेळ बघायला लावून परत वर्गात आणायच्या. प्राचार्य त्याला मॅडमचं स्मारक म्हणायचे, पण शिपायाला ते उचलायला सांगायची त्यांची छाती होत नसे.

आमच्या दुसऱ्या वर्षी वरून आदेश आला. शाश्वत विकासावर प्राथमिक शाळांसाठी गटागटानं पाठ तयार करायचे. गटानं मिळून टाचण लिहायचं, म्हणजे पाठात काय आणि कसं शिकवायचं त्याचा आराखडा, आणि गटातल्या एकानं तो पाठ वर्गावर घ्यायचा. मॅडमनी विचारलं, "शाश्वत म्हंजे काय रे?" मी हात वर करून पुस्तकातली व्याख्या धडाधड म्हटली. भावी पिढ्या, नैसर्गिक संसाधनं, समतोल, सगळं आलं तिच्यात. मॅडम म्हणाल्या, "लई छान. मला काय बी कळलं न्हाई. तुम्ही गेल्यावर बी जे राहतंय ते शाश्वत. झालं. लिवा."

मग त्यांनी आपले नियम सांगितले. पाठ कोण घेणार ते वर्गाच्या दारात ठरणार. त्या मुठीत खडूचे तुकडे धरणार, रंगीत तुकडा ज्याच्या वाट्याला येईल त्यानं आत जायचं. कुणीतरी कुरकुरलं, की लिहिणाऱ्यालाच घेऊ द्या ना. "लिवणाऱ्यालाच येतंय तो पाठ कशाचा?" मॅडम म्हणाल्या. "मास्तरची बदली झाली की पाठ बी गेला." आणि मार्क पंधरा दिवसांनी. पाठाच्या दिवशी त्या एक अक्षर लिहिणार नव्हत्या. पंधरा दिवसांनी त्याच वर्गात आम्हाला घेऊन जाणार, काय उरलंय ते बघणार, आणि उरलं असेल त्याला मार्क देणार.

प्राचार्यांचं आणि त्यांचं ह्यावरून नेहमी वाजायचं. प्राचार्य म्हणायचे, "मॅडम, त्याच दिवशी मार्क द्या हो. मला वर पाठवायचे असतात."

"पेरलं त्याच दिवशी उतारा सांगता येतंय का सर?"

"हे कॉलेज आहे मॅडम, शेत नाही."

"म्हणून तर पीक येईना."

आमच्या गटात तिघं. मी नांदेडचा. महादेव चाकूर तालुक्यातला, लिंगायत दुकानदाराच्या घरचा. शिकवायची हौस कमी पण माणसं जोडायची कला मोठी. आणि मुदखेडची नसरीन. तिचे वडील जंक्शनवर रेल्वेत कामाला होते. नसरीनइतकं नेटकं टाचण आमच्या तुकडीत कुणी लिहीत नसे, पण तिचा आवाज बारीक. नुसता बारीक नाही, शेजारच्याला कान द्यावा लागे इतका. आदल्या वर्षी दुसऱ्या एका निरीक्षकांनी तिला सराव पाठात नापास केलं होतं. शेरा होता, "आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही." घरचं कुणी तिला बोललं नाही. तिनंच मनाशी ठरवलं होतं, की ह्या वर्षी पुन्हा नापास झाले तर हा नाद सोडायचा आणि मुदखेडला परत जायचं. तिनं हे आम्हा दोघांना सांगितलं होतं आणि आम्ही "काही होत नाही गं" म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार?

आम्ही विषय घेतला ओला कचरा आणि सुका कचरा. शाळा घेतली महादेवाच्या काकांच्या गावची, कारण काकांचं किराणा दुकान तिथंच होतं आणि चहाची सोय होणार होती. आदल्या दिवशी शाळा बघायला गेलो तर घोटाळा. पाहुणे येणार म्हणून तिथल्या गुरुजींनी सगळं आवार झाडून, सगळा पाचोळा आणि कागद जाळून टाकले होते. शाळेत औषधालासुद्धा कचरा नव्हता. मग पोरं ओलं-सुकं वेगळं करणार तरी कशाचं?

तेव्हा मी आणि महादेवानं लातुरात वसतिगृहाच्या मागून चांगला निवडक कचरा गोळा केला आणि पोतं भरून दुसऱ्या दिवशी एसटीत चढवलं. नसरीन पुढच्या सीटवर जाऊन बसली, आमची ओळख नसल्यासारखी.

कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय हाय?"

"कचरा," महादेव म्हणाला. खोटं बोलायची त्याला वेळच मिळाली नाही.

"कुठं चाललाव?"

"शाळेत. शिकवायला."

कंडक्टर थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिला. मागून एक आजोबा म्हणाले, "चाकूरकडं कचरा कमी पडायलाय व्हय?" सगळी बस हसली. शाश्वत विकासासाठी आम्ही शहरातला कचरा डिझेल जाळून खेड्यात नेत होतो आणि आम्हाला तोपर्यंत त्यात काही वावगं वाटलेलं नव्हतं.

वर्गाच्या दारात मॅडमनी मूठ पुढं केली. रंगीत खडू नसरीनला आला. तिचे ओठ सुकलेले मला दिसले. मी आणि महादेव खिडकीबाहेर उभे राहिलो. तिचा पाठ सुरू झाला हे आम्हाला तिच्या हातांच्या हालचालीवरून कळलं, कारण ऐकू काही येत नव्हतं. मागच्या रांगेतली पोरं माना पुढं काढून बघू लागली. मग एक पोरगी सरपटत पुढं आली. तिच्यामागून दुसरी. हळूहळू मागची अख्खी रांग बुडाखालची सतरंजी ओढत पुढं सरकली आणि त्यांच्याबरोबर साडी सावरत मॅडमही सरकल्या. शेवटी सगळा वर्ग नसरीनभोवती गोळा होऊन बसला, तिच्या पायाला गुडघे लागतील इतका. पोतं मध्ये रिकामं झालं.

मॅडमचा हात वर गेला. "बाई, ह्यो कचरा कुणाचा हाय?"

"लातूरचा," नसरीन म्हणाली.

"लातूरचा कचरा आमच्या गावात कामून आणलाव?"

पोरं हसली. नसरीनही हसली, त्यामुळे बरं झालं. पोरांनी ओलं वेगळं केलं, सुकं वेगळं केलं. टाचणात शेवटी मी आणि महादेवानं लिहिलं होतं, 'सुका कचरा पुनर्वापरासाठी पाठवावा.' नसरीननं ते सांगितलं आणि पाठ संपवणार तोच हात पुन्हा वर. "कोण पाठवणार, बाई?"

टाचणात ह्याचं उत्तर नव्हतं. आम्ही 'पाठवावा' लिहून मोकळे झालो होतो. नसरीननं खिडकीकडे पाहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "आम्ही नेऊ. तुम्ही वेगळा करून ठेवा, आम्ही न्यायला येऊ." वेळ मारून नेण्यासाठीच म्हणाली ती. लातूरचं पोतं आम्ही परत लातूरला आणलं, कारण मॅडम तिथंच उभ्या होत्या.

पंधरा दिवसांनी आम्ही गेलो. फाट्यावर उतरून शाळेकडे चाललो तेव्हाच मला गाव जरा चकचकीत वाटलं. हॉटेलापुढं कागद नाही, देवळापाशी पुड्या नाहीत, गटारीच्या कडेलाही काही नाही. शाळेच्या आवारात शिरलो आणि गावाचा कचरा कुठं गेला ते कळलं. भिंतीला लागून ओळीनं पोती उभी होती. वेफर्सच्या पुड्या धुऊन, वाळवून, एकात एक घालून ठेवलेल्या. बाटल्या वेगळ्या, पुठ्ठे वेगळे. पोरं ओरडत धावली, "बाई आल्या! कचरा न्यायाला आल्या!" त्यांचं साधं गणित होतं. बाईंनी लातुराहून इतक्या लांब आणला आणि परतही नेला, म्हणजे ही चीज किमती असणार. त्यांनी आमच्यासाठी गाव वेचून काढलं होतं.

गुरुजी बेजार झाले होते. "ह्ये काय करून ठेवलाव तुम्ही? सोमवारी केंद्रप्रमुख येणार हायत. जाळाया गेलो तर पोरं आडवी पडायलीत. बाई नेणार म्हणल्यात, म्हणतेत."

आम्ही मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताव? मी चौथीत हाय." आणि त्या खरंच पोरांमध्ये जाऊन एका पोत्याचं तोंड सुतळीनं बांधायला बसल्या.

महादेव नसरीनला हळूच म्हणाला, "एक पोतं नेऊ. बाकीचं आपण गेल्यावर गुरुजी बघून घेतील. मार्क तर आजच ठरायचेत." त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं. पाठ टिकला होता, डोळ्यांसमोर ओळीनं उभा होता. नसरीनला पास व्हायचं होतं आणि पास व्हायला एवढं पुरलं असतं. ती पोरांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नेणार म्हटलंय मी. सगळं नेणार."

पोती घेऊन सगळा वर्ग आमच्याबरोबर फाट्यावर आला. एसटी आली. नशिबानं कंडक्टर तोच. "एक पोतं आणलाव तवा म्या गप बसलो," तो म्हणाला. "आता काय गाव भरून नेताव?" त्यानं घंटी मारली आणि गाडी गेली. पोरं रस्त्याच्या कडेला पोत्यांशेजारी उभी राहिली.  एका बारक्या पोरीनं नसरीनचा हात धरला. नसरीनचा चेहरा त्या वेळी बघवत नव्हता.

परत शाळेकडे निघालो. वाटेत महादेवाच्या काकांच्या दुकानापुढं टेम्पो उभा होता आणि त्यातून वेफर्स-बिस्किटांची खोकी उतरत होती. नसरीन थांबली. टेम्पोकडे बघितलं, खोक्यांकडे बघितलं, आणि सरळ गल्ल्यापाशी जाऊन काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस पोरी? मोठ्यानं बोल," काका म्हणाले.

ती पुन्हा बोलली, तेवढ्याच आवाजात. काकांनी गल्ल्यावर झुकून कान पुढं केला. हमालानं खोकं खाली ठेवलं. रेडिओ बंद झाला. गिऱ्हाइकं गप्प झाली. दुकानात तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं, "काका, हा टेम्पो लातूरला परत कसा जातो?"

"कसा म्हंजे? रिकामा."

"मग हे घेऊन जाईल का?"

काकांनी पोत्यांची रांग बघितली. "मपल्या दुकानाचा अन् कचऱ्याचा काय संबंध?"

तेव्हा त्या बारक्या पोरीनं पोत्याची सुतळी सोडली आणि एकेक पुडी काढून गल्ल्यावर ठेवायला सुरुवात केली. "ह्ये तुमच्यातलं. ह्ये बी तुमच्यातलं. ह्ये बी." गल्ला दिसेनासा झाला. काकांनी महादेवाकडे असं पाहिलं, जणू ही फौज त्यानंच आणली आहे. महादेव छताकडे बघत होता.

टेम्पोवाला म्हणाला, "मला काय, मी मोकळाच जातो. लातुरात सुका कचरा घेतेत ते ठिकाण वाटंतच हाय. टाकतो की."

गर्दीतून एक हात वर झाला. "काका, दर आठवड्याला न्याल का?"

"ह्या कोण?" काकांनी विचारलं.

"त्या चौथीत हायत," पोरं म्हणाली.

काका हरले. "न्या," म्हणाले. "पर ओलं एक बी आलं, तर बगा."

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं मॅडमच्या तोंडाकडे बघत बसलो. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. चाकूर मागं पडल्यावर म्हणाल्या, "टेम्पो जातंय का, ते बघावं लागंल. आणखी पंधरा दिवसांनी." नसरीननं डोळे मिटून घेतले. मार्क वर पाठवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

प्राचार्यांच्या खोलीत त्या दिवशी जे झालं ते आम्ही दाराबाहेर उभं राहून ऐकलं. मॅडम म्हणत होत्या, "पाठ अजून चालू हाय सर. चालू पाठाला मार्क कसं देऊ?"

"नका देऊ. कोरी जागा गेली की तिघंही नापास. ती मुलगी गेल्या वर्षीही नापास झालीय मॅडम, तुम्हाला माहीत आहे."

आत कागद ओढल्याचा आवाज आला. मग मॅडम बाहेर आल्या. नसरीनसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पासापुरते दिलेत. नियम मोडला मी आज. बाकीचे माझ्याकडं राहिलेत. जसजसं दिसंल तसतसं देत जाईन."

काठावर! गाव झाडून निघालं, टेम्पो बांधून दिला, आणि काठावर पास. मला मनापासून राग आला होता, आणि खरं सांगायचं तर आजही ते आठवलं की थोडा येतो. नसरीन मात्र व्हरांड्यात ओढणी तोंडाला लावून एकाच वेळी रडत आणि हसत होती. बाकीचे मार्क नंतर, हे आम्ही तिघांनीही मॅडमच्या नेहमीच्या तिरकस बोलण्यात जमा करून टाकलं.

त्याच वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि उदगीरला गेल्या. पुढं भरती निघाली. नसरीन मुदखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, मी बिलोली तालुक्यात. महादेवाची परीक्षा दोनदा हुकली आणि तो काकांच्या गल्ल्यावर बसला. पोती टेम्पोत चढवणं आता त्याच्याकडेच आलं.

नोकरी लागून थोडे दिवस झाले असतील, नसरीनला मॅडमचा फोन आला. "मी गावाला जाऊन आले. टेम्पो चालू हाय. एक मार्क वाढला." आणि फोन बंद. नसरीननं मला फोन करून सांगितलं. मी महादेवाला विचारलं, तर खरंच मॅडम उदगीरहून एसटीनं येऊन, चौथीत बसून, पोती मोजून गेल्या होत्या. तेव्हापासून हे चालू झालं. दर थोड्या महिन्यांनी फोन यायचा, एक मार्क वाढायचा. एकदा कमीही झाला. टेम्पोवाल्याच्या घरी लग्न होतं, त्याच्या फेऱ्या चुकल्या, पोती साठली, आणि नेमक्या तेव्हाच मॅडम हजर झाल्या. महादेवानं मला फोन केला, आवाज पडलेला. "माझ्यामुळं एक मार्क गेला रे तिचा." नोकरीला लागलेल्या बाईचा डी.एड.चा एक मार्क गेला म्हणून दुकानदार हळहळतोय आणि मी त्याची समजूत घालतोय, हे माझ्या बायकोला समजावून सांगता-सांगता माझी पुरेवाट झाली.

मागच्या वर्षी नसरीनचा फोन आला. म्हणाली, "मॅडमचा फोन होता. म्हणाल्या, झाले. पैकीच्या पैकी. आता माझ्याकडं एक बी उरला न्हाई." मी अभिनंदन केलं. ती मग म्हणाली, "आवाज बरा नव्हता रे त्यांचा. मला पुन्हा पुन्हा विचारावं लागलं."

एका रविवारी आम्ही तिघं उदगीरला गेलो. सुनेनं दार उघडलं. घशाचं ऑपरेशन झालंय, म्हणाली, जास्त बोलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, पण त्या ऐकत नाहीत. मॅडम खोलीच्या पलीकडच्या टोकाला आरामखुर्चीत होत्या, गळ्याभोवती शाल. चष्म्याची काडी अजून दोऱ्यानं बांधलेली. आमच्यासाठी पाहुण्यांच्या खुर्च्या दाराकडच्या भिंतीशी ओळीनं मांडल्या होत्या. आम्ही बसलो. मॅडम काहीतरी बोलल्या. ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग हात मांडीवर टेकून गप्प बसल्या. इतकी वर्षं ज्या बाईंना मी ओळखत होतो त्या अशा कधी हरलेल्या दिसल्या नव्हत्या, आणि मला ते सहन होईना.

नसरीन उठली. तिनं खुर्ची तशीच सोडली आणि जाऊन मॅडमच्या पायाशी सतरंजीवर मांडी घातली. महादेव गेला. मीही गेलो. तिघं अगदी लागून बसलो, तेव्हा ऐकू आलं.

"माझा पाठ नापास व्हायचा आता," मॅडम म्हणत होत्या. "आवाज मागच्या रांगंला जाईना."

नसरीन तिच्या त्याच बारीक आवाजात म्हणाली, "मागची रांग पुढं आलीय, मॅडम."

मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी हात वर केला. तहान लागली नव्हती, पण डोळे भरून आले होते आणि ते महादेवासमोर दाखवायचे नव्हते.

"मॅडम, पाणी प्यायला जाऊ?"

"जा," मॅडम म्हणाल्या. "आम्ही थांबताव."